गुण्यात नसलेलं घर

कर्वेनगर, पुणे. दुसरा मजला, लिफ्ट नाही. इमारत १९८९ ची, कार्पेट ६४० चौरस फूट. दुरुस्तीचं बजेट ९ लाख. राहायला जायचं: पाडव्याला.

५ जानेवारी २०२५, रविवार

काल किल्ली मिळाली. इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, फाइलला लागला. पुण्यात मेट्रोचा एक टक्का धरून मुद्रांक शुल्क ७ टक्के पडतं. करार माझ्या एकटीच्या, म्हणजे बाईच्या नावावर, म्हणून एक टक्का सुटला. तो सुटलेला टक्का मी मनातल्या मनात आत्तापर्यंत तीनदा खर्च केलाय. सोसायटीने ट्रान्स्फर प्रीमियम २५ हजार घेतला. त्याहून जास्त घेता येत नाही हे सेक्रेटरींना माहीत होतं आणि मलाही, त्यामुळे त्या विषयावर बोलणंच झालं नाही. शिवाय कामाचं डिपॉझिट २० हजार. तोडफोडीची वेळ १० ते १ आणि ४ ते ७, रविवारी पूर्ण बंद, राडारोडा जिन्यात ठेवायचा नाही.

घरी येऊन शॉपिंगचं ॲप उघडलं. कार्टमध्ये ४१ वस्तू. दिवाळीपासून साठवतेय. नवरा म्हणाला, "आधी भिंती तर बघ." बघितल्यात की, फोटोत.

११ जानेवारी, शनिवार

मापं घ्यायला मिस्त्री आले. माझ्याकडे फोनमधलं मापाचं ॲप, त्यांच्याकडे पाच मीटरचा टेप, ओळंबा आणि काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या. बेडरूमच्या कोपऱ्यात त्यांनी गुण्या लावला. एक बाजू भिंतीला चिकटली, दुसऱ्या बाजूला माझं बोट आत जाईल एवढी फट. "ताई, भिंत गुण्यात नाही."

मग त्यांनी कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर खूण केली, दुसरीवर ४ फुटांवर, आणि खुणांमधलं अंतर मोजलं. ५ फूट यायला हवं होतं, आलं ५ फूट पाऊण इंच. शाळेत पायथागोरसला एवढ्या जवळून पाहिलं नव्हतं. खोली दाराकडे १० फूट रुंद आहे आणि खिडकीकडे ९ फूट १० इंच. मी वॉर्डरोब बरोबर १० फुटांच्या हिशेबाने निवडला होता, खिडकीकडच्या भिंतीसाठी.

कार्टमधून तो काढला. ४० राहिल्या.

१६ जानेवारी, गुरुवार

काल किंक्रांत, मिस्त्रींनी हातोडा उचलायला नकार दिला. आज सुरुवात. संडास एक पायरी चढून होता, भारतीय बैठकीचा. सासूबाईंचे गुडघे बघता ती पायरी जाणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. भराव खणायला घेतला तर विटांचे तुकडे भिजून काळे पडलेले. हातात घेतला की बिस्किटासारखा मोडतो. मिस्त्री म्हणाले, हे वर्षानुवर्षं झिरपतंय.

खाली जाऊन काकूंना विचारलं. त्या मला छत दाखवायला इतक्या झटपट उठल्या, की वाटच बघत होत्या जणू. "सात वर्षं झाली त्या डागाला. तुमच्या आधीच्यांना सांगून सांगून माझा घसा बसला." डाग साधारण महाराष्ट्राच्या नकाशासारखा, कोकणपट्टी बीमच्या बाजूला.

घर दाखवताना आम्हाला हा डाग कोणी दाखवला नव्हता, आणि आम्हीही खालच्या घरात डोकावलो नव्हतो. रीसेलचं घर घेणाऱ्याने वरच्या नव्हे, खालच्या शेजाऱ्याकडे आधी चहा प्यावा.

राडारोडा: पहिल्याच दिवशी ६४ गोण्या. गोणीमागे खाली उतरवायचे १५ रुपये.

१९ जानेवारी, रविवार

काम बंद, म्हणून माळा रिकामा करायला मी आणि नवरा. दोन डालड्याचे डबे, एक मोडका पाळणा, आणि अगदी आत 'सकाळ'च्या १९८९ च्या अंकांत गुंडाळलेल्या ११ मोझॅकच्या फरश्या. दहा बाय दहा इंच. पिवळी, करडी, अधूनमधून हिरवी खडी. आधीच्या मालकांनी इमारत बांधताना उरलेल्या जपून ठेवल्या असाव्यात. घर विकताना डाग लपवणारा आणि ३५ वर्षं फरश्या जपणारा माणूस एकच, हे काही जुळत नाही.

मी त्या मोझॅकवर दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइल्स बसवणार होते, चकचकीत पांढऱ्या. फरशीवर फरशी घातली की मसाला धरून इंच-सव्वा इंच उंची वाढते. म्हणजे सगळी दारं खालून तासायची, बाल्कनीचा उंबरा बुडणार, स्लॅबवर वजन वाढणार ते वेगळंच. खणून काढायची तर आणखी किती गोण्या ते देव जाणे. आता सुट्या फरश्या मिळाल्यात, म्हणजे पाइपसाठी जिथे फोडावं लागेल तिथे जोड लावता येईल.

सासूबाईंना फोनवर सांगितलं, मोझॅक ठेवतोय, पॉलिश करून घेऊ. त्या म्हणाल्या, "मग मी पाय पुसून येते."

२५ जानेवारी, शनिवार

प्लंबिंग. जुनी लाइन जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची), भिंतीत गाडलेली. किचनमधला एक तुकडा कापला तर अर्ध्या इंचाच्या पाइपात पेन्सिल जाईल एवढीच वाट उरलेली, बाकी सगळा गंजाचा थर. याच आठवड्यात सिंहगड रस्त्याकडे नांदेड, किरकटवाडी भागातल्या जीबीएसच्या (गिया-बारे, नसांच्या आजाराच्या) बातम्या, सगळं पुणं पाणी उकळून पितंय. तो पाइप मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. पाच वर्षांत न झालेली वरच्या टाकीची सफाई उद्या सकाळी ठरली. आता सगळीकडे सीपीव्हीसीचे, न गंजणारे प्लास्टिकचे पाइप. ओट्याखाली लाइन वळवताना ७ फरश्या फुटल्या. शिल्लक ४.

झाकण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढला, टेप उघडा धरून, जमिनीपासून किती इंचांवर पाइप आहे ते दिसेल असा. पुढे कधी खिळा ठोकायचा झाला तर.

१ फेब्रुवारी, शनिवार

या आठवड्याचं एकच काम: पाणी भरणे.

संडास आणि बाथरूमचा तळ साफ करून, वॉटरप्रूफिंगचे थर देऊन, ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा झाला. बुधवारी सकाळी नहाणी ट्रॅपमध्ये कापडाचा बोळा कोंबून वर सिमेंट लावलं, दारात विटेचा बांध घातला आणि चार इंच पाणी भरलं. मिस्त्रींनी पाण्याच्या रेषेवर पेन्सिलीने खूण केली, वर तारीख आणि वेळ. ४८ तास हात लावायचा नाही.

गुरुवारी सकाळी साडेसहाला काकूंचा फोन. "अगं, नवीन डाग!" धावत गेलो. वर खुणेपासून पाणी अर्धा इंच खाली, खाली विदर्भाच्या बाजूला रुपयाएवढा ओला ठिपका. पाइप जिथे भिंतीतून बाहेर जातो, त्याच्या गळ्यापाशी गळत होतं. तिथला मसाला पुन्हा काढला, गळा भरला, थर पुन्हा. आज परत पाणी भरलंय. मिस्त्री थोडे ओशाळले, पण मला उलट बरं वाटलं. टाइल्स लावल्यावर कळलं असतं तर?

९ फेब्रुवारी, रविवार

दुसऱ्या परीक्षेत पाणी रेषेवरून हललं नाही. काकूंनी स्वतः वर येऊन खूण पाहिली.

इलेक्ट्रिक: जुन्या लाकडी बोर्डावर चिनी मातीचे किटकॅट फ्यूज होते. ते काढून एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारे स्विच), आणि सगळ्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा). वायर दिव्यांना दीड, प्लगला अडीच, गिझर-एसीला चार चौरस मिलिमीटर. महावितरणकडे लोड वाढवायचा अर्ज टाकला. एसीच्या पाइपसाठी भिंतीला गोल भोक पाडणारा मुलगा मशीन घेऊन थेट बीमखाली सरसावला होता. "वर नको, बाजूला" असं तीनदा ओरडले. बीम आणि कॉलमला हात नाही, हे दारावर खडूने लिहून ठेवलंय.

पंखे ऑनलाइन आले, बीएलडीसीचे ४. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, हा २८. मात्र इलेक्ट्रिशियनने जुन्या सवयीने चारही बोर्डांवर रेग्युलेटर बसवले होते. या पंख्यांचा वेग रिमोटवर, त्यांना मागे रेग्युलेटर चालत नाही. चारही काढून तिथे साधे स्विच. ऑनलाइन खरेदीतलं पहिलं समाधान. पुढची गोष्ट वाचेपर्यंत हे समाधान टिकवून धरा.

१५ फेब्रुवारी, शनिवार

कमोड. माझी चूक, पूर्ण माझी.

आमच्या संडासाचा पाइप भिंतीतून बाहेर जातो, म्हणजे पी-ट्रॅप लागतो: त्याचं तोंड मागे, जमिनीपासून साधारण १८० मिलिमीटरवर. मी मागवला एस-ट्रॅप, ज्याचं तोंड खाली जमिनीत उतरतं. पानावर लिहिलेलं होतं, तिसऱ्या ओळीत, "एस-ट्रॅप, २२५ मिमी". मला वाटलं, हे मॉडेलचं नाव.

मिस्त्रींनी खोका उघडला, एकदा कमोडकडे पाहिलं, एकदा भिंतीतल्या भोकाकडे, आणि काही बोलले नाहीत. प्लंबर मात्र बोलला: "ताई, याला खालच्या काकूंच्या घरातून पाइप काढावा लागंल." सॅनिटरीचा माल परत घेत नाहीत, तेही तिथेच लिहिलेलं, चौथ्या ओळीत. बाल्कनीत खोक्यात आहे. विकायला टाकलाय.

नवीन कमोड दुकानात जाऊन, टेप खिशात घेऊन आणला. बाथरूमच्या टाइल्स, खडबडीत, एक बाय एकच्या, सासूबाईंना बरोबर नेऊन. त्यांनी दुकानात चप्पल काढून टाइलवर पाय घासून बघितला. दुकानदाराने बादलीभर पाणी आणून दिलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

फरशीचं पॉलिश चार दिवस चाललं. मशीनखाली दगड लावायचे, आधी जाड दाण्याचे, मग ६०, १२०, २२०, ४०० असं बारीक होत जायचं, सतत पाणी ओतत. पहिल्या घासणीत ३५ वर्षांचा पिवळट थर सुटला आणि खालून खडी वर आली. हिरवा रंग इतका हिरवा असेल असं वाटलं नव्हतं. जोड लावलेल्या ७ फरश्या आता ओळखू येत नाहीत. माळ्यावर अंधारात राहिलेल्या आणि पायाखाली गेलेल्या, दोघींचा वरचा थर गेल्यावर एकच. शेवटी ऑक्झॅलिक ॲसिड घालून चमक काढली.

खर्च: नवीन टाइल्सच्या अंदाजाच्या पाव भागाहून कमी.

आता रडगाणं. घासणीची राखाडी रबडी पॉलिशवाल्या पोराने झाडूने लोटत बाथरूमच्या नव्या नहाणी ट्रॅपमध्ये सोडली. सिमेंटच ते, रात्रीत बसलं. काल सकाळी पाणी जाईना. प्लंबरने ट्रॅपमध्ये हात घालून मुठी-मुठीने काढलं, वर ३०० रुपये आणि एक प्रवचन. ट्रॅपवर प्लास्टिक बांधायला कोणी सांगितलं नव्हतं का, असं त्याने मला विचारलं. मला कोण सांगणार? मी तर सगळ्यांना सांगणारी.

८ मार्च, शनिवार

सुतारकाम. प्लाय आणायला भवानी पेठेत टिंबर मार्केटला सुतारांबरोबर गेले. किचनसाठी आयएस ७१० चा शिक्का असलेला (पाणी सोसणारा), बाकी आयएस ३०३ (साधा). सुतारांनी प्रत्येक शीटवरचा शिक्का बघितला, वरच्या एका शीटवर भागवलं नाही. हँडल आणि बिजागऱ्या बोहरी आळीतून. ऑनलाइन १८० चं हँडल तिथे ११०, आणि हातात धरून बघता येतं, बोट अडकतं का ते.

आठ बाय चारच्या शीट जिन्याच्या वळणावर फिरेनात. दोर लावून बाल्कनीतून वर ओढल्या. हे बघूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. दोन आठवड्यांनी सोफा येणार होता.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. रंगारी आणि टाइलवाले होळीला गावाला गेलेत, परतीची तारीख "बघू". घर रिकामं. मोझॅकवर बसून पडद्यांचा हिशेब केला.

ऑनलाइन पडदे तीन उंचींत: खिडकी ५ फूट, दार ७ फूट, लांब ९ फूट. पट्टा साधारण ४ फूट रुंद, विक्री दोनाच्या जोडीत. आमची खिडकी ६ फूट रुंद. चुण्या नीट पडायला कापड दुप्पट हवं, म्हणजे १२ फूट, म्हणजे तीन पट्टे. तीन मिळत नाहीत. दोन किंवा चार. दाराला रॉडपासून फरशीपर्यंत ८८ इंच. ७ फुटी पडदा म्हणजे ८४. चार इंच उटंगा! ९ फुटी घेतला तर २० इंच कापून शिवायचा.

सगळे पडदे कार्टमधून काढले. सोमवारी रविवार पेठेत कापडगंजला.

२२ मार्च, शनिवार

सोफा. तीन माणसांचा, ८४ इंच, मोहरी रंगाचा. मी दार मोजलं होतं. दार ३८ इंच, सोफ्याची खोली ३३, आरामात. जिना मोजला नव्हता.

दोन पोरं तो घेऊन वर निघाली. पहिला टप्पा ठीक. वळणावर सोफा आडवा, मग उभा, मग तिरका. उभा केला की वरच्या जिन्याच्या पोटाला टेकतो, आडवा केला की कठड्याला. पहिल्या मजल्यावरचे आजोबा दार उघडून सूचना देऊ लागले, काकू खालून. एकाने पाय काढून बघितले, दोन इंच मिळाले, हवे होते सात. बाल्कनीतून दोराने ओढू का विचारलं तर पोरं म्हणाली, आमचं काम दारापर्यंत, दोराचं नाही. खरंय.

अर्ध्या तासाने सोफा टेम्पोत परत गेला. कंपनीने "ग्राहकाच्या कारणाने परत" म्हणून दोन्ही वेळचं भाडं कापलं. कुरकुर केली, पण गप्प बसले. जिना त्यांनी बांधला नाही. आता सुतार जागेवरच दिवाण करताहेत, खाली खण असलेला. गादी शेवटी करून घेतली, जुन्या पलंगाच्या मापाने: ७४ बाय ५९. ऑनलाइन ७२, ७५, ७८. साडेतीन दशकांपूर्वीच्या सुताराला हे आकडे कोणी कळवले नसावेत.

३० मार्च, रविवार, पाडवा

राहायला गेलो नाही. रंगारी काल परतले. बाल्कनीत गुढी उभारली, शेजारी खोक्यात कमोड. फोटो काढताना नवऱ्याने तो चादरीने झाकला.

६ एप्रिल, रविवार

रंग. हॉलला फोनवर "गव्हाळ" दिसलेली छटा भिंतीवर गुलाबी निघाली. आता दोन बाय दोनचे तुकडे रंगवून सकाळ-संध्याकाळ बघायचे. पश्चिमेच्या भिंतीला लोणा लागलाय. तिथे पुट्टी मारून उपयोग नाही, फुगून येणार. बाहेरची चीर सोसायटीने भरायची, अर्ज दिलाय. ती भिंत पावसाळ्यानंतर.

दिवे: हॉल आणि बेडरूमला ३००० केल्विन (पिवळसर उजेड), ओट्यावर ४०००. आधी मी सगळीकडे ६५०० चे, पांढरेफटक मागवले होते. एक लावून बघितला, सासूबाई म्हणाल्या, "इथे बीपी कोण मोजणार?" परत केले. हे मात्र विनातक्रार परत गेले.

१९ एप्रिल, शनिवार

पुस्तकांचं कपाट गेल्या आठवड्यात आलं. फोटोत लाकूड, पानावर "इंजिनिअर्ड वूड". तो शब्द मला आता कळतो: भुशाची दाबलेली फळी, वर कागद. एक कोपरा फुटलेला, आतून भुसा सांडत होता. खोका उघडतानाचा व्हिडिओ काढला होता, तो पाठवला. तीन दिवस यंत्राचीच उत्तरं. मग ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांचा उल्लेख करून तक्रार अधिकाऱ्याला लिहिलं: ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निवारण बंधनकारक आहे. शिवाय १९१५ वर, ग्राहक हेल्पलाइनला, नोंद केली. दुसऱ्या दिवशी एका खऱ्याखुऱ्या माणसाचा फोन आला, तोही मराठीत. पैसे परत मिळणार म्हणाला.

३० एप्रिल, बुधवार, अक्षय तृतीया

आलो राहायला. दूध उतू घातलं. सासूबाई संडासात पायरी शोधत थबकल्या, मग हसल्या.

खर्च १० लाख ४० हजार. ४१ पैकी घरात आलेल्या आणि राहिलेल्या वस्तू १३: पंखे, दिवे, पायपुसणी, एक आरसा, शू-रॅक, असंच. शू-रॅक दारामागे ठेवला तर डुगडुगायला लागला. रॅक सरळ आहे, मी गुण्या लावून बघितलं. फरशीचा ढाळ दाराकडे आहे. माळ्यावरच्या चारपैकी एका फरशीचा कोपरा चढवताना तुटला होता. तो कपचा डाव्या पायाखाली सरकवला. बसला.

बाकी कामं: पश्चिमेची भिंत. कपाटाचे पैसे. काकूंच्या छताला रंग, तो आम्ही देतोय. महावितरणचा लोड. कमोडला आज एका गृहस्थांचा फोन आला होता, त्यांना एस-ट्रॅपच हवाय. रविवारी बघायला येतो म्हणाले. जिन्याचं वळण किती आहे ते मी त्यांना आधीच सांगितलंय.